डब्यातून आलेला सांधा

“हे घर आहे की भंगाराचं दुकान?” बायको तिसऱ्यांदा विचारत होती, आणि तिसऱ्यांदाही तिला उत्तर नको होतं. नवऱ्याचा जेवणाचा डबा घासायला घेतला तर वरच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेला, मुठीत मावेल एवढा तेलकट लोखंडी तुकडा निघाला होता. तो तिने ओट्यावर आपटला. “अन्नाच्या डब्यात लोखंड! देते फेकून.”

“हात लावू नकोस त्याला,” तो म्हणाला. इतक्या हळू, की तिने नळ बंद केला.

कारखान्यात त्याला पानेकाका म्हणत. सत्तावीस वर्षं फिटर. हातात पाना नसला तर त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नसे. सैल म्हणून काही त्याला खपत नव्हतंच. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेला तो गप्पा सोडून खिडकीच्या बिजागऱ्यांचे स्क्रू आवळत बसला. घरात नळ ठिबकत नव्हता, कुकरची मूठ हलत नव्हती. “आमच्याकडे सैल एकच, माझी जीभ,” बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. “तिला पाना लागत नाही म्हणून राहिलीय.”

पाच महिन्यांपूर्वी कारखान्यात खोकी दाबून बंद करणारं नवं मशीन आलं. त्यात हवेवर चालणारा सिलिंडर, त्याचा दांडा वरखाली होणार आणि दांड्याच्या टोकाला जोडलेली जड पाटी खोकं दाबणार. दांडा आणि पाटी यांच्या मध्ये हा सांधा होता. फ्लोटिंग जॉइंट. आत एक गोळी, ती सगळीकडे थोडी थोडी हलायची. पाटी दर खेपेला खडखड करायची. त्याने सांधा हातात धरून हलवून पाहिला आणि मनात म्हणाला, नवं म्हणवतात आणि आत्ताच झिजलंय. मशीनबरोबर आलेलं पुस्तक साहेबांच्या कपाटात होतं. त्याची किल्ली मागायला जायचं म्हणजे आपल्याला येत नाही असं कबूल करणं. त्याने एक वॉशर कापला, गोळीच्या मागे बसवला आणि वरून नट असा आवळला की सांधा दगड झाला.

खडखड थांबली. साहेबांनी पाठ थोपटली. त्या मशीनवर बसणारी पॅकिंगवाली मुद्दाम सांगायला आली, “काका, आता संध्याकाळी डोकं दुखत नाही हो.” त्या दिवशी तो घरी शीळ घालत आला होता.

चार महिन्यांनी दांडा आट्यांपाशी तुटला. पाटी वर गेली होती, पॅकिंगवाली खोकं सरळ करत होती. पाटी खाली आली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

तिचं घर मागच्या गल्लीत होतं. बायकोची ती बाजाराला जायची सोबतीण. गेले नऊ दिवस बायकोच तिला दोन्ही वेळचा डबा पोचवत होती.

आता ओट्यापाशी उभं राहून त्याने बायकोला आणि टेबलाशी अभ्यास करत बसलेल्या मुलीला सगळं सांगितलं. तुटलेलं टोक सांध्यात तसंच अडकून होतं. ते त्याने दिव्याखाली धरलं. तुटीचा अर्ध्याहून जास्त भाग काळा पडला होता, उरलेला चकचकीत. म्हणजे दांडा एका दिवसात तुटला नव्हता. पाटी जराशी तिरकी चालत होती, तो तिरकेपणा गोळीने गिळायचा होता. गोळी अडवली, तेव्हा तो दांड्याने सोसला, रोज, जोवर सोसवला तोवर.

“म्हणजे ते हलायलाच हवं होतं,” मुलगी म्हणाली.

“हो.”

साहेबांनी कागद तयार ठेवला होता. मशीन निर्दोष होतं, कामगार बाईने चालत्या मशीनमध्ये हात घातला, खाली फिटरची सही तेवढी व्हायची होती. तो कागद वर गेला की बाईची नोकरी गेली. दुरुस्तीत दांडा बदलताना हा तुकडा त्याच्याच हाती आला होता. दुसऱ्या कोणी पाहिला नव्हता.

 बायको बोलायला लागली ती थांबेना. तुम्ही मुद्दाम केलंत का? पाठ थोपटताना साहेबांना वॉशर दिसला नाही का? निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, सत्तावीस वर्षांचं नाव एका वॉशरसाठी मातीत घालायचं? करून सवरून आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. ती बाई तरी कुठे तुमच्यावर बोट ठेवतेय, असं ती म्हणाली आणि आपल्याच शब्दाला अडखळली.

त्याने विचारलं, “तू दुपारी गेली होतीस. काय म्हणाली ती?”

बायकोने ओला हात पदराला पुसला, दोनदा.

“सांग ना.”

“म्हणाली, माझंच चुकलं असेल. पाटी वर होती असं मला वाटतं, पण सगळेच म्हणतात तर नसेल. नवऱ्यालाही तसंच सांगते.” तिचा आवाज खाली आला. “मी तिला म्हटलं, होतं असं कधीकधी. मला काय ठाऊक होतं.”

 मुलीने सांधा उचलून हलवून पाहिला. तो हलला नाही. तिने तो जपून पुन्हा फडक्यावर ठेवला. बायकोने डबा घासायला घेतला आणि तोच कप्पा पुन्हा पुन्हा घासत राहिली.

“बाहेर काढतील तुम्हाला,” ती पाठमोरीच म्हणाली.

“काढतील.”

“आणि तिला काय तोंड दाखवू मी? उद्यापासून डबा घेऊन कशी जाऊ?”

 त्याने सांधा फडक्यात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. खिसा एका बाजूला ओढला गेला.

“तिचा डबा उद्या मी नेणार, आणि वॉशर मी घातला होता हे तिला सांगणार,” तो म्हणाला. “तिथून साहेबांकडे जाऊन तेच लिहून देणार. माझा डबा भरू नकोस.”