आभाळातून आलेली पेटी

त्या रविवारी घरचे पुरुष संत्री घेऊन पांढुर्ण्याला गेले होते. मोहगावजवळच्या बागेत मी आणि मोठ्या जाऊबाई, दोघीच उरलीसुरली तोडणी उरकत होतो. एरवी मी सौंसरच्या शाळेत भूगोल शिकवते. रविवारी मात्र जाऊबाईंच्या हाताखाली.

अचानक त्या ओरडल्या, "अव माय! वर पाय वो, काय येऊन राहिलं!"

मोठं पॅराशूट डुलत डुलत खाली आलं आणि आमच्या झाडात अडकलं. दोऱ्यांच्या टोकाला चंदेरी कागदात गुंडाळलेली पेटी लोंबत होती.

"हात नोको लावू. बॉम्ब-गिम्ब असंन!"

मी जवळ जाऊन वाचलं. 'वैज्ञानिक उपकरण. धोका नाही. उघडू नये,' आणि खाली फोन नंबर.

"आकाशाचा अभ्यास करायला मोठा फुगा सोडतात, बाई. त्यात माणूस नसतो. काम झालं की यंत्र असं खाली उतरवतात."

फोन लावला, तर फुगा सोडणारी मंडळी पेटीचा माग काढत बोरगावपर्यंत आलीच होती. मी रस्ता सांगितला.

तेवढ्यात रस्त्यावरून मोटरसायकलवाले दोघं आत शिरले. "ताडपत्री मस्त होईन याची," म्हणत एकानं दोरी ओढली. जाऊबाई विळा घेऊनच आडव्या आल्या. "सरकारी सामान हाये. हात लावून तं पाय!" दोघं निमूट गेले. मग बाईंनी आपली छत्री आणली आणि पेटीवर धरून उभ्या राहिल्या.

जीपमधून उतरलेली तरुण शास्त्रज्ञ ते पाहून हसतच सुटली. "काकू, ही जिथून आली तिथं बर्फाहून गार असतं. ते सोसलं तिनं, ऊनही चालेल तिला."

"मंग तं जास्तच जपा लागंन. इतक्या थंडीतून एकदम उन्हात!"

पॅराशूट सोडवायला फांदी तोडावी लागेल, असं तिच्यासोबतचा माणूस म्हणाला. बाईंनी सरळ शिडी लावली, वर चढल्या आणि एकेक दोरी सोडवली. उतरल्यावर विचारलं, "वरून आमची बाग दिसली का वो?"

"हे यंत्र खाली नाही पाहत, काकू. वर ताऱ्यांकडे पाहतं."

बाईंचं तोंड जरासं उतरलं, पण जीपमध्ये संत्र्याचं टोपलं त्यांनीच रिकामं केलं.

दोन दिवसांनी त्या शास्त्रज्ञ मुलीचा फोन आला. सगळी माहिती शाबूत होती. जाऊबाईंनी माझ्या हातातून फोन ओढला. "पुढच्या खेपेला सांगून पाठवजा. झाडाखाली गादी टाकून ठेवतो!"