पेट्रोल वाचवणारी कोळशाची मोटार

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. घरातल्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साचतात. टाकून देऊ म्हणता म्हणता फळी भरते, आणि मग पाहुणा आला की एकेक डबा खाली काढून दाखवायची खोड लागते. माझी फळी भरली ती बाबारावांच्या मोटारीत!

तेव्हा महायुद्ध चालू होतं. वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले आणि पेट्रोल कुपनावर मिळे, तेही चमच्याने औषध दिल्यासारखं. बाबारावांची एकच मोटार, अमरावती ते अकोला. गफूरभाई ड्रायव्हर, आणि तिकिटं फाडायला मी. पेट्रोलवाचून मोटार उभी राहायला लागली तसा नागपूरहून एक विक्रेता आला. मोटारीच्या पाठीला लोखंडी पिंप बसवायचं, त्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि त्याच्या गॅसवर इंजिन चालवायचं. "पेट्रोलच्या निम्म्या खर्चात अकोला!" म्हणाला. बाबाराव विरघळले.

विरघळणारच. त्यांचे वडील आबा शेंदूरजनाघाटचे बागाईतदार. संत्र्याची बाग सोडून पोरगा मोटार हाकतो, हे त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. त्यांनी बजावलंच, "होळीपावतर पाह्यतो. तुही गॅस परवडली तं ठीक. नाई तं मोटार इकायची अन् गुपचूप बागेत याचं!" बाबारावांचा त्या मोटारीवर इतका जीव की बागेचं नाव काढलं तरी जेवण जात नसे. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता, गॅसने पैसे वाचतात की नाही?

*

पहिल्याच दिवशी पूजा ठेवली. पिंपाला हार घातला, कोळसा पेटवला. भटजींनी आत वाकून पाहिलं आणि पळीपंचपात्र खाली ठेवलं.

"बाबाराव, हा तर अग्नी आहे."

"हो. गॅस त्याच्यातूनच निंगते."

"मग ही नुसती पूजा कशी? हा होम झाला. होमाची दक्षिणा निराळी!"

बाबाराव म्हणाले, "पेट्रोलच्या मोटारीच्या वक्ताले तं असं काई नोतं!"

"पेट्रोलमध्ये अग्नी दिसत नव्हता," भटजी म्हणाले. बाबारावांनी मुकाट्याने दोन्ही दक्षिणा दिल्या. गॅसच्या बचतीची सुरुवात ही अशी झाली.

*

कोळसा धड पेटून गॅस धरेपर्यंत बराच वेळ जाई. गफूरभाई उजाडायच्या आधी पिंप पेटवत आणि हाताचा पंखा गरगर फिरवत बसत. थंडीचे दिवस होते. एके दिवशी येऊन पाहतो तर मोटारीभोवती ही गर्दी! बाबाराव हरखले. "पाह्य, गॅसची मोटार पाहून गिऱ्हाईक वाढलं!" असं म्हणून त्यांनी मला तिकिटं काढायला पिटाळलं.

मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, अकोला का मूर्तिजापूर?"

"नाई बा," आजोबा पिंपाकडे तळहात करून म्हणाले, "म्या तं शेकाले आलो."

सगळी गर्दी शेकायलाच आली होती! मोटार सुटायची वेळ झाली तेव्हा तर ते भांडायलाच उठले, "एवढी काय घाई करून राह्यले बे? आत्ता कुठं आंग गरम झालं!"

*

बरं, पिंपातला निखारा नुसता शेकण्यापुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण गफूरभाईंना वांग्याचं भरीत फार प्रिय. त्यांनी एकदा खालच्या गरम राखेत एक वांगं सारलं. मूर्तिजापूर येईपर्यंत ते असं काही खरपूस भाजून निघालं की सगळ्या मोटारीत वास सुटला. झालं! दुसऱ्या दिवसापासून उतारू पिशवीतून वांगी आणायला लागले.

"कंडक्टर, हे माह्यं. देठाले सुतळी बांधली, ध्यानात ठेवजो!"

राखेत वांग्यांची दाटी होऊन हवा कोंडली, की मोटार खोकायची. मग उतारूच गफूरभाईंवर ओरडत, मोटार हळू चालते म्हणून. गफूरभाई कपाळाला हात लावून म्हणत, "मी डायवर आहो का भटारी, हेच समजून नाई राह्यलं!"

एकदा मूर्तिजापूरला एक बाई टोपलंभर वांगी घेऊन आल्या. मी तिकीट विचारलं.

"तिकीट कायचं? मले कुठी जाचं नाई. घरी आज पाव्हणे हायेत. तुमी वांगे घेऊन अकोल्याले जा, अन् परत येताना भाजलेले देऊन द्या!"

सामानाचं भाडं मागायची बाबारावांना भीड वाटली. टोपली अकोला पाहून आली.

*

काजळीचं तर विचारूच नका. मागच्या बाकावर पांढऱ्या कपड्यात बसलेला माणूस अकोल्याला ओळखू येत नसे. एकदा स्टँडवर एक गृहस्थ हातात हार-नारळ घेऊन बाबारावांना शोधत आले. हार गळ्यात घातला, नारळ हातात दिला. बाबारावांचा चेहरा असा खुलला, की विचारता सोय नाही.

"आपन कोन?" त्यांनी विचारलं.

"मी इथला परीट. शेट, दुसरी मोटार कवा काढता?"

त्या दिवशी बाबाराव जेवले नाहीत. मला त्यांची फार कीव आली. गॅसने पैसे वाचत होते, यात खोटं काहीच नव्हतं. भटजींचं भागलं, परटाचं भागलं, मूर्तिजापूरच्या बाईचं सरपण वाचलं. बाबारावांच्या हाती मात्र कोळशाची पोती आणि गॅस गाळायची काजळलेली फडकी धुण्याचं काम उरलं. होळी जवळ येत चालली होती.

*

आणि आबा आले! डोक्याला पागोटं, काखेत छत्री, थेट स्टँडवर. बाबाराव म्हणाले, "आबा, बसा, तुमचं तिकीट कायले?"

"काहून? हिशेब पाहाले आलो न मी! फुकट बसून हिशेब समजते का?" त्यांनी तिकीट घेतलं आणि पुढच्या बाकावर बसले.

काटेपूर्णेच्या पुलापर्यंत सगळं ठीक चाललं. पुढे चढ. पेट्रोलवर ही मोटार तो चढ हसत चढे, पण गॅसला तेवढा दम कुठला? मोटार कण्हली, थरथरली आणि उभी राहिली. बाबारावांनी डोळे मिटून घेतले. माझाही जीव टांगणीला लागला.

गफूरभाईंनी नुसता भोंगा वाजवला. आमचे रोजचे उतारू ते! कोणी सांगायच्या आत भराभर उतरले, धोतरं खोचली, मागून हात लावले. "हं, जोर लावा रे!" मास्तर, अडत्या, वकिलाचा कारकून, सगळे एका रांगेत. रोज अकोल्याला भाजी नेणाऱ्या एक बाई आत टोपलीशी बसून हुकूम सोडत होत्या, "डाव्या अंगानं लावा ना! जेवून नाई आले का?" आबा मान वळवून, तोंड उघडं टाकून पाहतच राहिले.

मोटार माथ्यावर पोचली. सगळे घाम पुसत, हसत, धापा टाकत आत चढले. एक जण तर माझ्यावर तणतणला, "मले आज हात लावाले जागाच भेटली नाई! उद्या माही जागा धरून ठेवजा!"

अकोला आलं. आबा स्टँडवर उतरले, उपरण्याने तोंडावरची काजळी पुसली. बाबाराव खाली मान घालून पुढे उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं.

"आबा, तुमचंच खरं. उद्याच गिऱ्हाईक पाह्यतो. इकून टाकतो मोटार."

आबा भडकले, "येडा झाला का बे? तिकडं माह्या बागेत संत्रे तोडाले दुप्पट मजुरी देतो म्हनलं तरी मानूस येत नाई. अन् इथं चांगले शिकले-सवरले लोक तुले पैसे देऊन तुही मोटार ढकलून राह्यले! असा धंदा कोनी इकते?"