बाबा आणि रेनडिअरवाला
आज सकाळी कोपरखैरण्याच्या खाडीकाठी कुणीतरी ओली लाकडं पेटवली होती, त्या धुराने मला नॉर्वेतला तो तंबू आठवला. नोकरीसाठी मी तिकडे होते तेव्हा बाबा महिनाभर राहायला आले होते, आणि ऑफिसच्या सहलीला मी त्यांनाही नेलं. तिथल्या ऐन हिवाळ्यात भर दुपारीही सूर्य उगवत नव्हता, नुसता निळसर उजेड होता. रेनडिअरच्या घसरगाडीतून बाबा बर्फावर फिरून आले आणि कितीतरी वेळ त्या जनावराच्या मानेवरून हात फिरवत राहिले. मग तंबूत शेकोटीभोवती सूप पिताना रेनडिअर पाळणारा, तिथल्या मूळच्या सामी जमातीतला म्हातारा सांगू लागला, की त्यांची चराईची कुरणं धरणाखाली गेली. मी ते मराठीत सांगितलं, तशी बाबांनी वाटी खाली ठेवली. "आमची पन शेती गेली. तिथं सोसायटी झाली, नि त्याच सोसायटीत मी वॉचमन होतो. सांग त्याला." शेजारी माझे साहेब आणि ऑफिसातले सगळे ऐकत होते. मी इंग्रजीत एवढंच म्हणाले, की आमच्या शेतावरही आता शहर आहे. म्हाताऱ्याने मान हलवली, पण बाबा माझ्याकडेच बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी 'वॉचमन' हा शब्द त्यांनी वीस वर्षं ऐकला होता, आणि तो माझ्या तोंडून आला नव्हता. परतताना मी त्यांच्या पायांवर पांघरूण घालायला गेले, तर हळूच म्हणाले, "राहू दे, थंडी नाय वाजत." आता बाबा नाहीत. त्यांचं ते सोसायटीतल्या वॉचमनचं वाक्य मी कधीकधी मनातल्या मनात इंग्रजीत पूर्ण म्हणून बघते. अगदी सोपं आहे.