मनकवडा

मध्य भारत राज्य मोडून नवा मध्य प्रदेश होणार आणि कचेऱ्या भोपाळला जाणार, असं ठरलं तेव्हा मी उज्जैनला सरकारी कारकून होतो. आमच्यातून एकाला भोपाळला पाठवायचं होतं आणि नाव माझं निघालं. आई अंथरुणाला खिळलेली, तिला हलवणं शक्यच नव्हतं. मी जायला राजी आहे, असं कुणीतरी साहेबांच्या कानात घातलं होतं. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माझ्या मित्राचंच हे काम, याची मला खात्री होती. पण विचारलं असतं तर त्यानं कानावर हात ठेवले असते.

म्हणून मी मनकवडा घडवला.

दर रविवारी दुपारी आम्ही फ्रीगंजात एका शाळामास्तरांच्या खोलीवर जमायचो. मास्तर एका काल्पनिक राज्याची गोष्ट सांगत जायचे, आम्ही तिघं त्यातली पात्रं व्हायचो, आणि कोण जिंकलं ते कवड्या ठरवायच्या. कचेरीतला तोच मित्र योद्धा, तिसरा चोर, मी वैद्य. लढाई संपली की मित्र ओरडायचा, "वैद्यबुवा, मलम आणा, मलम!" बाकीचे हसायचे. मीही हसायचो आणि ते लक्षात ठेवायचो.

आठवडाभर कचेरीत बसून मी नव्या पात्राचे नियम जुळवले. मनकवड्याकडे शस्त्र नाही. अंगात ताकद योद्ध्याच्या निम्मी. मात्र चार कवड्या उताण्या पडल्या की तो कुणाच्याही मनात शिरू शकतो, आणि ज्याच्या मनात शिरला त्यानं एका प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं. पात्राच्या नव्हे, स्वतःच्या मनातलं. खेळाआधी आम्ही महाकालची आण घ्यायचो. ती आण घेऊन खोटं बोलण्याची आमच्यात कुणाची छाती नव्हती, निदान मी तसं धरून चाललो होतो.

"हे तर फारच सोपं झालं, भिया," चोर म्हणाला. "याला काही नुकसान नको?"

मास्तरांनी विचार केला. "दुसऱ्याच्या मनात शिरलास की तुझंही मन उघडं. त्यानंही तुला एक प्रश्न विचारायचा."

मी कबूल झालो. सूडापुढे मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

त्या रविवारी कवड्या उताण्या पडल्या. मी मित्राकडे वळलो. "मी भोपाळला जायला राजी आहे, असं साहेबांना कुणी सांगितलं?"

चोराचं हसू थांबलं. मित्रानं कवड्या गोळा केल्या.

"मी," तो म्हणाला.

मला मनापासून आनंद झाला. मास्तरांच्या समोर, सगळ्यांच्या देखत! आता याला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"आता माझी पाळी," तो म्हणाला. "माझ्या बहिणीचं देवासचं स्थळ तू मोडलंस का?"

मुलाकडचे चौकशीला माझ्याकडे आले होते. तिला लहानपणी झटके यायचे, एवढं मी त्यांना सांगितलं होतं. मोठेपणी एकदाही आले नाहीत, हे सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात त्यानं कचेरीत सगळ्यांसमोर माझी नक्कल केली होती. कारण एवढंच.

"नाही," मी म्हणालो.

"महाकालची आण?"

"आण."

त्याचा चेहरा पडला. "मग मी उगाच तुझ्यावर दात धरला रे. माफ कर."

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच साहेबांकडे गेला आणि माझ्याऐवजी भोपाळ पत्करून आला. मी अडवलं नाही. तो जाईपर्यंत खरं सांगायला मला पंधरवडा मिळाला होता. रोज तो शेजारच्या टेबलावर असायचा, आईची चौकशी करायचा, आणि मी फायलीत डोकं घालून बसायचो. खरं सांगितलं असतं तर भोपाळ पुन्हा माझ्या गळ्यात आलं असतं. पण एवढंच नव्हतं. तो हरलेला मला बघायचा होता.

देवास गेटच्या बसस्टँडवर त्याला पोचवायला गेलो तोही त्याच ओढीनं. बस हलताना त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला.

"आईला सांभाळ," तो म्हणाला.

मी मान डोलावली. बस वळून दिसेनाशी झाली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की मी जिंकलो. आता पन्नाशी उलटली. ही गोष्ट मी आईलासुद्धा सांगितली नाही. ती माझ्या हातचं जेवत आणखी सहा वर्षं जगली, आणि त्याला आशीर्वाद देत गेली.