दारोदार फिरवलेली हजेरी

आमच्या गावात ग्रामसभेला माणसं येत नाहीत. बायका तर नाहीतच. सकाळी धारा, मग डेअरी, मग रानात कांदा नाहीतर ऊस. सभा नेमकी त्याच वेळेत. म्हणून सभेची हजेरीची वहीच घरोघर न्यायची पद्धत पडली. बायकांच्या सह्या आणायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे होतं. मी बचत गटाची अध्यक्ष, सगळी दारं माहीत. स्कूटीच्या डिकीत वही आणि शाईचं पॅड टाकलं की एका दुपारी दोन वस्त्या उरकायच्या. यात काही वावगं आहे असं मला वाटलं नाही. पाण्याची टाकी अशीच झाली, अंगणवाडीची खोलीही अशीच.

गावाच्या दौंडकडच्या अंगाला वनखात्याची जमीन आहे. तिला जंगल म्हणवत नाही. बाभळी, हिवर, कुसळी गवत आणि खाली काळा दगड. आम्ही तिला फॉरेस्टच म्हणतो. कडेला एका आबांची वस्ती आहे. त्यांच्या भावकीनं मेंढरं विकून ऊस केला, आबांनी मेंढरं ठेवली. चौफेर ऊस झाल्यामुळे चारायला फॉरेस्टच उरलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात तिथे मोजणीचे खुंट ठोकले गेले. आबा आमच्या दारात आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

"ताई, तिथं दगडाची खाण हुणार म्हनं. मोजणीवाला म्हनला, तुमच्या गावानंच संमती दिलीया. तुमी दिली का?"

"मी कशाला देऊ?"

"मंग कुनी दिली? खाण झाली तर मला मेंढरं इकावी लागतील."

मी ग्रामपंचायतीत जाऊन वही मागितली. वनजमिनीवर दगडखाणीला गावाची हरकत नाही, असा ठराव उपस्थितांनी एकमताने मंजूर केला होता. त्या सभेला प्रत्यक्षात सात-आठ माणसं होती, बहुतेक खाणीच्या दगडाची भाडी मिळणार म्हणून आलेली डंपरवाली. उपस्थितांच्या यादीत मात्र अर्धं गाव. बायकांत पहिली सही माझी. पुढच्या पानावर आबांचा अंगठा, त्याखाली त्यांच्या बायकोचा. दोन्ही मीच घेतले होते. "कशाचा गं?" असं आबांनी तेव्हा विचारलंही होतं. "हजेरीचा. लावा पटकन, अजून पाच घरं राहिलीत," मी म्हणाले होते.

सभेला लोक नव्हतेच, सह्या मी दारात घेतल्या, एवढं लेखी दिलं की ठराव अडकणार होता. मी तसं लिहून देणार हे कळल्यावर सरपंच घरी आले. चहा घेतला.

"वहिनी, असं लिहून दिलं तर मागचे सगळेच ठराव खोटे पडतील. घरकुलांची यादी त्याच सभेतनं गेलीया. तुमच्या गटातल्याच बायका हायेत तिच्यात."

त्यांचं खोटं नव्हतं. माझी जाऊ भाकरी थापता थापता म्हणाली, "इतकी वर्षं वही फिरवली, तवा न्हाई सुचलं हे?" दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी एसटीनं शिरूरला गेले.

तहसीलमधल्या क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला. "मॅडम, हे तुमच्यावरच येतंय. कळतंय ना?"

"कळतंय. पोच द्या."

यथावकाश फेरसभेचा आदेश आला. सभेच्या आधी मी पुन्हा दारोदार गेले, या वेळी वही न घेता.

"वही कुठाय?"

"वही नाही. स्वतः यायचंय."

"अगं बाई, कांदा काढायला माणसं लावल्यात. हितंच घे की सही, कवा न्हाई ते काय नखरे?"

घरकुलाच्या यादीची फेरतपासणी लागली होती. ज्या चौघींची नावं तिच्यात होती, त्यांनी दारच उघडलं नाही.

सभेला सगळ्यात आधी आबा आले, बायकोला घेऊन. मग डंपरवाले, एकूण एक. आमच्या गटातल्या सहा जणी आल्या. ग्रामसेवकानं डोकी मोजली. वनजमिनीच्या ठरावाला निम्मं गाव हजर लागतं; कोरम भरला नाही. सभा तहकूब, पुढची तारीख नंतर कळवू म्हणाला आणि वही बंद केली. लोक खुर्च्या उचलायला लागले.

बाहेर आबा उन्हात उभे होते.

"मंग काय झालं? खाण हुतीया का न्हाई?"

"काहीच झालं नाही आबा. पुन्हा सभा."

"पुन्यांदा तेवढीच मान्सं आली तर?"

"पुन्हा तहकूब."

"आन् मेंढरं?"

"ठराव होत नाही तोवर न्या फॉरेस्टात. कुणी अडवलं तर मला फोन करा."

"फोन सुनंकडं असतो."

"मग सुनेला सांगून ठेवा."

बरं म्हणून ते निघाले. पुढच्या सभेला माणसं कुठून आणायची, हे मला अजून सुचलेलं नाही. ज्या दारांवर जायचं, त्यातली चार तर बंदच झाली आहेत. उरलेल्या घरी उद्या डेअरीवरून येताना जाईन म्हणते.