बिनवासाची मेणबत्ती

संध्याकाळी वीज गेली आणि मी आईजवळ मेणबत्ती लावली. आमच्याकडे साधी, बिनवासाचीच असते. सुवासिक मेणबत्तीनं आईला दम लागतो. काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली आहे. "उजेड तेवढा कळत राहील," असं डॉक्टर म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी विसंबून होतो.

"लावलीस का रे?" तिनं विचारलं. ज्योत तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

"लावली की."

"मग वास कसा नाही? ही कसली तुझी बिनमिठाची मेणबत्ती. रॉकेलच्या चिमणीचा वास आला की कळायचं, पोरगं अभ्यासाला बसलं."

त्या चिमणीपाशी शिकून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. मला झोप येऊ नये म्हणून निरक्षर आई शेजारी जागत बसायची. उजेड फक्त वाचणाऱ्याला लागतो, असं तेव्हा मला वाटायचं.

दिवेलागणीला हात जोडायची तिची सवय अजून आहे. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि काळोख्या भिंतीकडे तोंड करून हात जोडले.

मी मेणबत्ती उचलली आणि तिच्या हातांसमोर नेऊन ठेवली.