हे काढून टाक हं, दत्ता

फोन आला तेव्हा मालतीबाईंचाच आवाज माझ्या कानात होता. लातूरच्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसून, त्यांनी वाचलेलं राज्यशास्त्राचं एक प्रकरण मुलांना पाठवण्याआधी मी शेवटचं ऐकून बघत होतो. बाईंची मुलगी अनघाताई एवढंच म्हणाली, "दत्ता, आई गेली रे सकाळी." हेडफोन एका कानावर तसाच होता आणि त्यात बाई ग्रामपंचायतीची कामं सांगत होत्या... फाईल थांबवायचंही मला सुचलं नाही.

मी जन्मापासून आंधळा. भोकरजवळच्या आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढं कुणी गेलं नव्हतं. नांदेडला कॉलेजात आलो तर पुस्तकं वाचून दाखवणार कोण, हाच प्रश्न. मालतीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या, कॉलेजमागच्या गल्लीत एकट्या राहायच्या. कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं आणि त्या खिशात मावेल एवढा रेकॉर्डर घेऊन आल्या. आठवडाभर त्या त्यात वाचायच्या, रविवारी मी जाऊन ते सगळं कॉलेजनं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायचो. पहिल्याच रविवारी रेकॉर्डरला वायर कुठं लावायची, याचा घोळ झाला. मी बोटानं चाचपून ती जागा शोधली आणि वायर बसवली. "घ्या! मी चष्मा लावून तासभर शोधून राहिले, अन् या पठ्ठ्याला मिनिटात सापडलं," असं म्हणून बाई कितीतरी वेळ हसत होत्या. मग मीच त्यांना नियम घालून दिला. आधी कॉपी करायचं, मग ऐकून बघायचं, मगच रेकॉर्डरमधलं पुसायचं. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेल्या बाईंनी तो नियम पहिलीतल्या मुलीसारखा पाळला.

त्यांच्या आवाजावर मी बी.ए. झालो. लातूरला सरकारी कचेरीत लागलो. तोवर बाई इतर आंधळ्या मुलांसाठीही वाचू लागल्या होत्या. त्या स्वतःच फायली कॉम्प्युटरवर घेऊन मला पाठवायच्या. मी त्या साफ करायचो आणि नांदेड, उदगीर, हिमायतनगरच्या मुलांना पाठवायचो. साफ म्हणजे काय, तर बाई नुसत्या वाचत नसत. मधेच दारावरच्या भाजीवाल्याला म्हणत, "मेथी कालचीच दिसून राहिली की हो, भाऊ." एखाद्या लेखकानं पाल्हाळ लावलं की, "ह्यांना कुणी गप्प बसा म्हणत न्हाई वाटतं घरी." खोकल्याची उबळ आली की पाणी पिऊन म्हणत, "हे काढून टाक हं, दत्ता." मी काढून टाकायचो. गरिबाघरच्या मुलांनाही विकतच्यासारखं नेटकं पुस्तक मिळावं, असं मला मनापासून वाटायचं. त्यांच्या फोनमध्ये जागा कमी, म्हणून वाचनातली शांतता आपोआप गाळायची सोयही मी लावून ठेवली होती. काम झालं की मूळ फाईल पुसायची. माझ्याकडंही जागा कुठं होती...

गेल्या वर्षी खोकला वाढला. आधी प्रकरणामागं दोनतीनदा, मग पानागणिक. एका तासाचं वाचन साफ करायला मला अख्खी संध्याकाळ लागू लागली. माझा हातही त्यात बसला होता. एकदा फोनवर मी मोठ्या फुशारकीनं म्हणालो, "बाई, आता एक बी खोकला ऐकू येत न्हाई बघा!" त्या म्हणाल्या, "मग बरीच झाले म्हणायची मी!" आणि हसता हसता पुन्हा खोकू लागल्या. मीही हसलो होतो.

अनघाताई पुण्याला. तिच्याशी बाई दोन मिनिटं बोलायच्या, खोकला दाबून. डॉक्टरांकडं गेल्या तेव्हा फुप्फुसात काही उरलं नव्हतं. त्यांचा खोकला आठवड्यामागून आठवडा, ओळीनं ऐकलेला माणूस जगात एकच होता. मी. तो कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो, हे मला अचूक कळायचं. तो का वाढतोय, हे मी एकदाही विचारलं नाही. आंधळ्याचे कान तिखट असतात, असं लोक म्हणतात. त्या कानांचा उपयोग मी कातरी चालवायला केला.

तेराव्यानंतर नांदेडला गेलो. अनघाताईनं रेकॉर्डर माझ्या हातात दिला. "यात काहीच नाही रे. सगळं पुसलेलं आहे. पण तुझ्याकडं आईचं बोलणं असंल ना? माझ्याकडं तिचा आवाजच नाही."

मी पेन ड्राइव्ह दिला. तिनं तो लावला. बाई वाचू लागल्या, स्पष्ट, नेटकं. ताईनं एक फाईल ऐकली, दुसरी लावली, मग तिसरी.

"वाचता वाचता ती माझं नाव कधी घेत नव्हती का रे?"

"घेत होत्या, ताई. 'आज अनघाचा फोन न्हाई आला', असं म्हणायच्या. पुष्कळदा म्हणायच्या... मी ते काढलं."

मला वाटलं, आता बंद करील. तिनं आवाज वाढवला. मग म्हणाली,

"दत्ता, दोन वाक्यांच्या मधे आई श्वाससुद्धा घेत नाही रे."

बाई पुढचं वाक्य वाचत होत्या, आणि त्याला लागूनच त्याच्या पुढचं.